मोठ्या वाऱ्याचा मुलूख

आयर्लंडमधल्या कासलबारहून पूर्वेला पाऊण तासाच्या वाटेवर बेकन नावाचं लहानसं गाव आहे. तिथं हवेवर उभी असलेली एक इमारत होती. खांब नाहीत, तुळया नाहीत. पांढऱ्या कापडाचा अवाढव्य घुमट, आत पंख्यांनी हवा भरून ताठ ठेवलेला. गेलिक फुटबॉलचं पूर्ण मापाचं मैदान त्याच्या पोटात मावायचं. मेयो परगण्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अशा छपराची गरज समजावून सांगावी लागत नाही. या जातीचा जगातला सर्वांत मोठा क्रीडाघुमट म्हणून त्याचं कौतुक व्हायचं. २४ जानेवारी २०२५ ला एओवीन नावाचं वादळ आलं आणि हवेनं उभं केलेलं हवेनंच नेलं. मैदानावर सपाट पडलेलं कापड तेवढं उरलं.

घुमटाचं वाईट वाटलंच. गावोगावच्या पोरांनी तिथं आपले हिवाळे काढले होते. पण त्याच वेळी मनातल्या मनात हातही जोडले गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. श्रीवर्धनच्या घरात वाढलेल्या माणसाला वाऱ्यापुढे हात जोडायची सवय असते. मृगाच्या आधीचा पहिला सोसाटा सुपारीच्या बागेतून घुमत आला की आजी अंगणातला दिवा आत घ्यायची, पदर सावरायची आणि ओसरीवरूनच नमस्कार करायची. त्यात भीती होती, पण नुसती भीती नव्हती. घरात वडीलधारं माणूस आलं की आपण बसल्या जागेवरून उठतो, तसं काहीसं ते होतं.

कासलबार हे मेयोचं मुख्य गाव. इथून समुद्र दिसत नाही. क्लू उपसागर पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर राहतो. पण समुद्र दिसत नाही म्हणून तो नाही, असं मानायची इथं सोय नाही. पश्चिमेला क्रो पॅट्रिकचा सुळका, उत्तरेला नेफिनचा गोलसर माथा, आणि या दोन डोंगरांमधून अटलांटिक सतत गावात येत-जात असतो. कधी पाऊस होऊन, कधी धुकं होऊन, कधी नुसता वास होऊन. लॉख लान्ना तळ्याच्या काठानं फिरायला निघालेली म्हातारी माणसं आधी पाण्यावरच्या सुरकुत्या बघतात आणि मग कुठल्या बाजूनं फेरी मारायची ते ठरवतात. भेटल्यावर पहिलं वाक्य हवामानाचं असतं. बाहेरचे लोक त्याला रिकामी बडबड समजतात. मला ती चौकशी वाटते, घरातल्या चिडक्या आजोबांची तब्येत विचारावी तितक्या मनापासून केलेली.

एओवीनच्या आदल्या दिवशी गावातली ही बडबड थांबली होती. साऱ्या बेटावर लाल इशारा लागला होता. दुकानांतला पाव संपला, मेणबत्त्या संपल्या. लोकांनी कचऱ्याचे डबे दोरीनं बांधले, थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, फोन चार्ज केले आणि संध्याकाळी पाचच्या आत, अंधार पडतो न पडतो तोच, दारं लावून घेतली. उत्तरेकडच्या हिवाळ्याची रात्र लांब. वाट पाहायला भरपूर वेळ मिळाला.

आवाज आधी कानाला लागला नाही, अंगाला लागला. घराच्या भिंतींना कंप येत होता आणि तो झोपलेल्याच्या पाठीपर्यंत पोचत होता. मग धुराड्यात एक लांब स्वर धरला गेला. कोकणातलं वादळ ओरडतं, मध्ये दम घेतं, झाडांशी भांडतं. हे वादळ दम घेत नव्हतं. इथं वाऱ्याला अडवायला झाडं थोडी. भांडायला कुणी नाही म्हणून तो एकसुरी वाहतो, आणि ते एकसुरी वाहणं ऐकवत नाही. मधूनच एखादा धक्का यायचा तेव्हा त्या सुराच्या वर दुसरा सूर चढायचा. पहाटे दिवे गेले. अंधारात मी दिशा ओळखायचा प्रयत्न करत राहिलो: आधी आवाज दक्षिणेकडच्या खिडकीवर होता, मग तो हळूहळू पश्चिमेच्या भिंतीवर सरकला. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं आणि डावा हात पसरावा. वादळाचं केंद्र त्या हाताच्या बाजूला असतं. विषुववृत्ताच्या उत्तरेला हा नियम सगळीकडे लागू, श्रीवर्धनला आणि कासलबारला सारखाच. अंथरुणात पडल्या पडल्या मी मनातल्या मनात डावा हात पसरला. केंद्र आमच्या वायव्येकडून, समुद्रावरून, उत्तरेकडे चाललं होतं. ते भिंतीपलीकडून जात होतं आणि मला त्याची वाट कळत होती, एवढ्यानंच जरा धीर आला.

पहाटे पाचच्या सुमारास, इथून सत्तरएक किलोमीटरवर, गॉलवे परगण्यातल्या मेस हेड या टोकावरच्या यंत्रानं ताशी १८४ किलोमीटरचा झोत नोंदवला. आयर्लंडमध्ये नोंद ठेवायला लागल्यापासूनचा तो सर्वांत मोठा. आधीचा विक्रम फॉइन्सचा, जानेवारी १९४५ मधला, १८२ किलोमीटरचा. तो ऐंशी वर्षं टिकला होता. झोत क्षणाचा असतो, तो सोडून दिला तरी दहा मिनिटांची सरासरी १४२ भरली. आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. वाऱ्याचा जोर वेगाबरोबर वाढत नाही, वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात माणूस वाकून का होईना चालतो. १८० चा वारा त्याच्या दुप्पट नाही, चौपट जोराचा.

हा जोर येतो कुठून? आपल्या अरबी समुद्रातलं चक्रीवादळ कोमट पाण्यावर जगतं. पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलं की त्याच्या वाफेवर ते पोसलं जातं; जमिनीवर आलं की उपाशी पडतं. अटलांटिकच्या हिवाळी वादळाला कोमट पाणी लागत नाही. त्याला लागतो तो भेद. दक्षिणेची ऊबदार, ओली हवा आणि उत्तरेची कोरडी, गोठलेली हवा एकमेकींना भिडतात तिथं त्याचा जन्म, आणि वर नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून वाहणारा वाऱ्याचा वेगवान झोत त्याला ओढून वाढवतो. त्या जानेवारीत ध्रुवाकडची थंडी अमेरिकेच्या दक्षिण टोकापर्यंत उतरली होती. न्यू ऑर्लिन्समध्ये, जिथं लोकांना बर्फ चित्रातच माहीत, तिथं रस्ते पांढरे झाले. ती थंडी आणि शेजारचा ऊबदार समुद्र यांच्यातला भेद इतका तीव्र झाला की वरचा झोत पिसाटला, आणि दोन-तीन दिवसांनी कासलबारच्या धुराड्यात सूर लागला. एका मुलखाच्या हिमवृष्टीचं देणं दुसऱ्या मुलखाच्या छपरांनी फेडायचं, असा हा हिशेब आहे.

चोवीस तासांत हवेचा दाब २४ हेक्टोपास्कलनं उतरला तर हवामानवाले त्याला बॉम्ब म्हणतात. एओवीनचा दाब तेवढ्याच वेळात जवळपास पन्नासनं उतरला. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर उचलला जातो, कारण त्याच्या छातीवरचं ओझं तेवढं हलकं होतं. असं वादळ आलं की लाटांच्या आधी, वाऱ्याच्या आधी, सबंध समुद्रच हातभर उभा राहतो. कोकणात याला उधाण म्हणतात आणि बंदरावरचा कुठलाही म्हातारा सांगेल की उधाणाला आवाज नसतो.

सकाळी बाहेर आलो. पश्चिमेच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या. बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. अटलांटिक पंधरा किलोमीटर चालून आला होता.

वारा दिसत नाही. दिसतं ते त्यानं ज्याला हात लावला ते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिचं शास्त्र केलं ते एका आयरिश माणसानं. फ्रान्सिस ब्यूफर्ट मीथ परगण्यातल्या नॅव्हन गावी १७७४ मध्ये जन्मला आणि पोरवयातच समुद्रावर गेला. जहाजावर वारा मोजायचं साधन नव्हतं. एक कप्तान ज्याला तुफान म्हणे त्याला दुसरा नुसता जोराचा वारा म्हणे. ब्यूफर्टनं १८०५-०६ च्या सुमारास वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत अंक दिले, आणि प्रत्येक अंकापुढे वाऱ्याचा वेग न लिहिता जहाजाची अवस्था लिहिली: किती शिडं उभी ठेवता येतात, किती गुंडाळावी लागतात. बारावा अंक म्हणजे ज्यापुढे एकही शिड टिकायचं नाही तो. ब्रिटिश आरमारानं ही पट्टी १८३८ मध्ये अधिकृत केली. पुढे १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसननं तीच जमिनीवर आणली. मग धूर वाकडा जातो तो एक, पानं सळसळतात ते दोन, छत्री धरणं अवघड होतं ते सहा, आणि झाडं मुळासकट उपटतात ते दहा. निर्गुणाला सगुण रूपात आणण्याची कला आपल्या संतांकडे होती. ब्यूफर्टच्या पट्टीत मला तीच दिसते, फक्त इथं मूर्तीच्या जागी शिड आहे, धूर आहे, छत्री आहे.

मेयोतला वारा बघायचा तर बेलमलेटच्या पलीकडे मलेट द्वीपकल्पावर जावं. तिथली काटेरी हॉथॉर्नची झुडपं सगळी पूर्वेकडे झुकलेली असतात. आज वारा नसला तरी ती झुकलेलीच. पश्चिमेच्या बाजूला फांदी धरत नाही, कोंब खाऱ्या वाऱ्यानं जळतात. वाढ होते ती फक्त आडोशाच्या बाजूला. प्रत्येक झाड म्हणजे शेकडो वादळांची बेरीज. एकट्या उभ्या हॉथॉर्नला इथले लोक कोयता लावत नाहीत, ते परींचं झाड समजतात. याउलट डोंगरउतारांवर रांगेनं लावलेली सिटका स्प्रूसची जंगलं. हे झाड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, इथं लाकडासाठी आणलेलं. दलदलीच्या ओल्या काळ्या मातीत त्याची मुळं खोल जात नाहीत, ताटासारखी पसरतात. एओवीननं ती जंगलं आडवी केली, हजारो हेक्टर. उपटलेल्या झाडांची मुळं मातीसकट उभी राहिली होती, माणसापेक्षा उंच, आणि त्यांच्या खालच्या खड्ड्यांत काळं पाणी साचलं होतं. हॉथॉर्न मात्र होतं तिथंच. त्याला वाकण्याची सवय फार जुनी.

मलेटच्या अगदी दक्षिण टोकाला ब्लॅकसॉडचं दीपगृह आहे, गुलाबी ग्रॅनाइटचं, बसकं, चौकोनी. १९४४ मध्ये तिथल्या पोस्टात मॉरीन फ्लॅविन नावाची मुलगी कामाला होती. केरी परगण्यातून नोकरीसाठी आलेली. पोस्टाचं काम म्हणून ती रुजू झाली आणि आल्यावर कळलं की तासातासाला हवामानाची नोंद घेणं हेही त्याच कामात आहे. वायुभारमापक वाचायचा, वारा, ढग, पाऊस लिहायचा आणि आकडे डब्लिनला कळवायचे. आयर्लंड युद्धात तटस्थ होता. पण हे आकडे पुढे इंग्लंडला जात, याची त्या पोरीला कल्पना नव्हती. ३ जूनच्या पहाटे, म्हणजे तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, तिनं दाब उतरत असल्याची नोंद पाठवली. थोड्या वेळानं फोन आला. पलीकडून इंग्लिश बोलणारी बाई आकडा पुन्हा तपासायला सांगत होती. तपासला. पुन्हा फोन. पुन्हा तपासला. आकडा बरोबर होता. अटलांटिकमधून वादळ येतंय याची युरोपातली पहिली खूण ब्लॅकसॉडला उमटते, कारण त्यापलीकडे जमीनच नाही. त्या नोंदींच्या आधारानं हवामान अधिकारी जेम्स स्टॅगनं जनरल आयझेनहॉवरला थांबायला सांगितलं. नॉर्मंडीवरची चढाई ५ जूनची ६ वर गेली. मॉरीनला हे सगळं पुष्कळ वर्षांनी समजलं. दीपगृहाच्या टेड स्वीनीशी लग्न करून ती तिथंच राहिली आणि २०२३ च्या डिसेंबरात, शंभर वर्षं पूर्ण करून गेली.

३ जून ही तारीख आमच्या घरातही वेगळ्या कारणानं ठसलेली आहे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड. ताशी ११०-१२० किलोमीटर, म्हणजे मेस हेडच्या आकड्यापुढे कमीच. पण सुपारीचं झाड हाताच्या मुठीएवढ्या खोडावर पन्नास फूट उभं असतं आणि त्याला वाकायची सवय नसते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा मधूनच मोडल्या. तारखांच्या योगायोगाला मी काही अर्थ चिकटवत नाही. एवढंच मनात येतं की ब्लॅकसॉडच्या त्या मुलीनं त्या पहाटे जे केलं त्याला मी पूजाच म्हणेन. झोपेतून उठून, दिवा धरून, काचेतला पारा नीट बघायचा. आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून जो आहे तोच आकडा लिहायचा. कुणी शंका घेतली तर न चिडता पुन्हा बघायचा. आजीचा ओसरीवरचा नमस्कार आणि हे काम, यांत मला फार अंतर दिसत नाही.

जिथं ही चाहूल पोचली नाही तिथलीही गोष्ट सांगायला हवी. ब्लॅकसॉडसमोरच समुद्रात इनिशकीची दोन सपाट बेटं दिसतात. २८ ऑक्टोबर १९२७ ची रात्र शांत होती. बेटावरचे तरुण कुराख घेऊन मासेमारीला गेले. कुराख म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेली होडी, दोन माणसांनी डोक्यावर उचलून न्यावी इतकी हलकी. वारा काही मिनिटांत उठला. इनिशकीचे दहा जण परत आले नाहीत. त्या एका रात्रीत पश्चिम किनाऱ्यावर, मेयोतल्या लॅकनपासून गॉलवेतल्या क्लेगनपर्यंत, पंचेचाळीस कोळी बुडाले. पुढच्या काही वर्षांत इनिशकीचं गावच उठलं. उरलेली माणसं समोरच्या किनाऱ्यावर राहायला आली, जिथून आपली घरं दिसत राहतील. घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत, छपरं नाहीत. हिवाळ्यात ग्रीनलंडहून येणारे काळे-पांढरे हंसबदक तिथं चरतात.

छपराचा विषय निघाला तर कासलबारजवळच्या टरलॉखला जायला हवं. २००१ पासून तिथं ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. लोक तिथं टोपल्या, चरखे, गवताचे पोशाख बघतात. मी दोऱ्या बघतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या गवती घरांची पाखं गोलसर असत, धारदार आढं नसे, म्हणजे वाऱ्याला पकडायला कडा मिळत नाही. त्यावरून दोऱ्यांचं जाळं टाकत आणि दोऱ्यांची टोकं भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधत, किंवा खाली धोंडे लटकवत. दोऱ्या पेंढ्याच्याच, घरी वळलेल्या. एक जण बसून पेंढा पुरवणार, दुसरा पीळ देत मागे मागे सरकत दाराबाहेर जाणार. कोकणात पावसाच्या आधी घर शाकारतात तेव्हा हेच हात, हीच घाई, आणि वर चढलेल्या माणसाला खालून सांगितलेल्या त्याच सूचना. या दोऱ्यांत एक फार समजूतदार भाव आहे. वाऱ्याला हरवायचं नाही. त्याला आपल्या घरात रस वाटू नये, एवढीच तजवीज करायची.

पण एका रात्री ही तजवीज चालली नाही. ती रात्र ६ जानेवारी १८३९ ची. आयरिश लोक तिला अजून नुसतं मोठ्या वाऱ्याची रात्र म्हणतात, साल सांगावं लागत नाही.

रविवार होता, नाताळाच्या बारा दिवसांचा शेवटचा दिवस, धाकटा नाताळ. आदल्या रात्री बेटभर बर्फ पडलं होतं. सकाळी हवा थांबली. थांबली म्हणजे इतकी की एका शेतातल्या घरातलं बोलणं मैलभरावरच्या दुसऱ्या घरात ऐकू यावं. मग जानेवारीत कधी होऊ नये अशी ऊब आली आणि बर्फ वितळलं. आकाश ढगांनी गच्च. बायका घराघरांत रात्रीच्या जेवणाच्या तयारीत होत्या. अंधार पडल्यावर पश्चिमेकडून वाऱ्याची झुळूक आली, मग पाऊस, नऊ-दहाच्या सुमारास सोसाटा, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत जे झालं त्याला तिथल्या माणसांकडे शब्द नव्हता. पुष्कळांना वाटलं की न्यायाचा दिवस आला. नंतरच्या अभ्यासकांनी त्या वादळाच्या केंद्रातला दाब ९१८ हेक्टोपास्कलच्या आसपास असावा असा अंदाज बांधला आहे. एरवी तो १०१३ च्या आगेमागे असतो.

अडीचशे ते तीनशे माणसं गेली. बेचाळीस जहाजं फुटली. डब्लिनमधल्या चारांतल्या एका घराला तडाखा बसला. पण खरी दैना गवती घरांची. छप्पर उडालं की चुलीतला विस्तव वाऱ्यावर उडाला आणि शेजारच्या गवतावर पडला; पावसातही गावं जळाली. गरिबाची पुंजी छपराच्या गवतात खोचलेली असे, भाडं द्यायला साठवलेली नाणी. ती कुठल्या कुठं गेली. गवताच्या गंज्या नद्यांत सापडल्या. किनाऱ्यापासून मैलोगणती आत कुंपणांवर मीठ चढलं आणि शेतांत मासे मिळाले. कावळ्यांची जात काही भागांत दिसेनाशी झाली. परीही त्याच रात्री आयर्लंड सोडून गेल्या, असं म्हातारे सांगत. हे शेवटचं मला सगळ्यांत खरं वाटतं. आपल्या मुलखातली अदृश्य वस्ती उठून जावी इतका मोठा वारा, याहून नेमकं वर्णन ब्यूफर्टच्या पट्टीतही नाही. ती पट्टी आरमारानं मान्य करून जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे सात वर्षांनी, १८४६ मध्ये, आर्माच्या वेधशाळेतल्या थॉमस रॉम्नी रॉबिन्सननं चार वाट्यांचं गरगर फिरणारं वायुवेगमापक केलं. आज कुठल्याही विमानतळावर दिसतं ते त्याचंच कूळ. त्या रात्रीनं त्याला ते सुचवलं असं मी म्हणत नाही, पण ती रात्र त्यानं ऐकली असणारच.

त्या रात्रीनंतर सहा वर्षांनी बटाट्यावर करपा पडला आणि मेयोनं जे भोगलं त्यापुढे वादळ लहान ठरावं. तरी लोकांच्या तोंडी वादळ जास्त राहिलं. मला वाटतं, दुष्काळात माणसाला माणसाची शरम वाटली होती. कुणी दार लावलं, कुणी धान्य बाहेर पाठवलं, कुणी शेजाऱ्याला मरू दिलं. त्या आठवणी दबक्या आवाजात निघतात. वाऱ्यात कुणाचा दोष नव्हता. जमीनदाराचं धुराडं आणि कुळाचं गवत एकाच झोतानं गेलं. त्या रात्रीविषयी मोकळ्या गळ्यानं बोलता येत होतं. एओवीननंतरच्या दिवसांत हे थोडं अनुभवायला मिळालं. ७,६८,००० जोडण्यांची वीज गेली होती, काही घरांत ती दोन आठवड्यांहून जास्त काळ आली नाही. गावागावांतल्या सभागृहांत गरम जेवण, अंघोळीला पाणी, फोन चार्ज करायची सोय झाली. तिथं बसलेली माणसं कंटाळली होती, थंडीनं गारठली होती, वीजवाल्यांवर चिडलेलीही होती. पण त्या पहाटेविषयी बोलू लागली की आवाज चढायचा, डोळे मोठे व्हायचे, आणि प्रत्येकाच्या घरावरचा वारा दुसऱ्याच्या घरावरच्या वाऱ्यापेक्षा थोडा जास्त असायचा.

मोठ्या वाऱ्याचा असाच एक उपयोग पूर्वीही झाला आहे. आपल्याकडे जुन्या पिढीला जन्मतारीख माहीत नसायची. प्लेगच्या साली, मानमोडीच्या साथीत, बहात्तरच्या दुष्काळात, असं सांगत. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. आणि १९०८ मध्ये कायदा झाला की सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळेल, १ जानेवारी १९०९ पासून. आता मेयोच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यानं वय सिद्ध करायचं कसं? कागद तर नाही. एकोणीसशे नऊमधून सत्तर वजा केले की उरतात अठराशे एकोणचाळीस. अधिकाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली: मोठा वारा आठवतो का?

आठवत होता. सगळ्यांना आठवत होता. त्या रात्री हातात बटाटा धरून खाण्याएवढा मी होतो, असं सांगणारे इतके निघाले की बटाट्याचं ते वाक्य पेन्शनच्या अर्जांची खूणच बनलं. ज्यांना खरोखर आठवत होता ते बोलले, ज्यांनी आईकडून ऐकला होता तेही बोलले, आणि ज्यांचा जन्म त्यानंतर पाच-सात वर्षांनी झाला होता त्यांनी तर छप्पर कसं उडालं, गाय कुठं सापडली, सगळं इत्थंभूत सांगितलं. जनगणनेच्या हिशेबानं आयर्लंडमध्ये जेवढे सत्तरीचे लोक असायला हवे होते त्याहून कितीतरी जास्त भरले. लंडनच्या खजिन्यातले लोक हैराण झाले. पुढे पुष्कळ अर्जांची फेरतपासणी झाली, काही नावं कापली गेली. बाकीचे दर आठवड्याला पोस्टाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि सत्तर वर्षांपूर्वी उडालेल्या छपराचे पाच शिलिंग मोजून घेऊ लागले.